फिरत्या रोटरला तेल पाजणारी माणसं

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो ना, तसे ते साचत जातात. संध्याकाळी सगळं झाडून घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनखाली मूठभर असतोच!

आमची शेड जालन्याच्या एमआयडीसीत. आम्ही इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरी बनवतो. मोटरीत जो भाग फिरतो तो रोटर. त्याच्या पोटात चुंबकं बसवलेली असतात. चुंबक फार तापलं की त्याची ताकद जाते, आणि गेलेली ताकद गार झाल्यावरही परत येत नाही. भोवतीच्या स्थिर भागाला थंड ठेवणं सोपं, बाहेरून पाणी फिरवलं की काम झालं. पण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या रोटरला थंड कसं करायचं? तर त्याची शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, पोकळ करायची आणि आतून तेल खेळवायचं. इतकंच! ह्या 'इतकंच'मध्ये आमची चार वर्षं गेली.

साळवे मॅडम डिझाइन बघतात. रज्जाकभाई लेथवर. मी गजू, टेस्टिंगला. म्हणजे मॅडम काढतात, रज्जाकभाई घडवतात आणि मी बिघडवतो.

*

मॅडम टेंभुर्णीच्या. वडील रिटायर्ड मास्तर. एकदा सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "सुषमा, तू तिथं नेमकं करती तरी काय?"

मॅडमनी वही घेतली, चित्र काढलं, अर्धा तास समजावून सांगितलं. गुरुजींनी चष्मा लावून चित्र उभं-आडवं तपासलं, जणू पेपरच तपासून राह्यले.

"म्हणजे फिरणाऱ्या वस्तूच्या पोटात तेल सोडायचं?"

"हो बाबा."

"मंग ते सांडत न्हाई का?"

"सांडतं ना! तीच तर सगळी अडचण आहे."

"मंग थांबल्यावर सोडा की!"

सोमवारी मॅडमनी हे सांगितलं आणि आख्खी शेड हसली. रज्जाकभाई मात्र हातातला कपडा ठेवून गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी बराबर बोलले. मीटिंगमध्ये हा पॉइंट कोणीच घेतला न्हाई!"

*

मॅडमच्याच हौसेनं एकदा शेडच्या दारावर पाटी लागली, 'मोटर कूलिंग विभाग'. आठच दिवसांत धावड्याहून एक काका टेम्पो घेऊन आले. टेम्पोत बोअरची जळालेली मोटर.

"इथं मोटरी थंड करून देतात म्हणे. ही घ्या."

मॅडम म्हणाल्या, "काका, आमचं काम वेगळं आहे. आम्ही मोटरीच्या आतल्या फिरत्या भागाला थंड करतो."

"कशानं?"

"तेलानं. आतून सोडतो."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, माझी मोटर दोनशे फुटांवर पाण्यात बुडालेली असती. तिच्या पोटातबी पाणीच भरलेलं असतं. त्यातच ते फिरतं. म्हणजे तुम्ही जे करून राह्यले, ते माझ्या बोअरात आधीपासूनच हाय!"

खोटं तर काहीच नव्हतं त्यात!

"पण काका," मी मधे पडलो, "तुमची तर जळाली."

काका शांतपणे म्हणाले, "मंग तुमच्या किती जळाल्या?"

पाटी त्याच दुपारी काढली.

*

चुंबक बसवलेले रोटर एकमेकांपासून लांब ठेवायचे, हा आमच्याकडचा पहिला नियम. लिहिला मीच आणि मोडलाही मीच. एका ट्रॉलीवर दोन रोटर ठेवले आणि फोन घ्यायला वळलो. मागून असा आवाज आला की शेजारच्या शेडमधले लोक धावत आले. दोन्ही रोटर एकमेकांना घट्ट चिकटलेले. लाकडी पाचर घातली, पट्टा बांधून ओढले, चार जणांनी जोर लावला. हलायला तयार नाहीत!

रज्जाकभाईंनी लांबूनच पाहिलं. म्हणाले, "सोडा गजू. ह्यांचं बिलकुल जमलंय. आपण कोण मधात पडणार!"

*

मे महिन्यातली गोष्ट. नवीन रोटर पूर्ण लोडवर चालवला. एरवी दहा मिनिटांत दीडशे डिग्रीच्या पुढं जाणारा आकडा त्या दिवशी बेचाळीसवर थांबला. वीस मिनिटं झाली, बेचाळीस. अर्धा तास झाला, बेचाळीस! मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर स्क्रीनचा फोटो काढून बायकोलाही पाठवला. कोणीतरी पेढे आणले. रज्जाकभाई एकटेच पेढा हातात धरून स्क्रीनकडं बघत उभे.

"गजू, ते आतमध्ये बसवायचं सेन्सर कसं दिसतं रे?"

"बटणाएवढं. पांढरी वायर."

"असं?" म्हणत त्यांनी माझ्या टेबलावरच्या चहाच्या कपाशेजारून ते उचलून दाखवलं.

मोटर बंद करून रोटर बाहेर काढेपर्यंत त्याची चुंबकं कामातून गेली होती. दोन महिन्यांची मेहनत. मला वाटलं, आता मॅडम मला गेटबाहेर काढतात. त्या खुर्चीवर बसल्या, उरलेला पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये एवढं तरी लिही गजू, की आज जालन्याचं टेम्परेचर बेचाळीस होतं."

*

बायकोचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. लग्नाआधी एकदा दुपारी परतूरला मुलगी बघायला जायचं होतं. सकाळी 'फक्त दोन मिनिटं' म्हणून पांढरा शर्ट घालून शेडमध्ये आल्तो. शाफ्टच्या तोंडाशी तेल अडवणारं जे सील असतं, ते नेमकं त्याच दोन मिनिटांत गेलं. तेलाची चिळकांडी उडाली ती थेट केसांवर! शर्ट बदलला, दोनदा शाम्पू केला, वर अत्तर मारलं. वास जाईना. ट्रेनमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडं बसला.

मुलीचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. पोहे आले, ओळखी झाल्या. मी शक्य तितका लांब बसलेलो. तरी ते दोनदा नाक वर करून थांबले. माझ्या मामानं विषय बदलायला पगार-बिगार काढला, पण त्यांचं लक्षच नाही.

शेवटी ते उठून माझ्याजवळ आले, वाकले आणि बराबर केसांचा वास घेतला.

"गिअरचं न्हाई हे. पातळ हाय. कशाला वापरता?"

मग काय! पाऊण तास आम्ही सीलवरच बोललो. त्यांनी एका दमट, तापणाऱ्या मशीनचं सील कसं टिकवलं ते सांगितलं, आणि मी ते पोह्यांच्या बशीखालच्या पेपरवर लिहून घेतलं. मुलगी दारात उभी राहून कंटाळली आणि म्हणाली, "बाबा, मुलगा मला बघायला आलाय का तुम्हाला?"

लग्नाला आता तीन वर्षं होतील. ते सील मात्र आजही बाबांच्याच पद्धतीनं बसवतो.

*

पुढचं दुखणं वेगळंच निघालं. शाफ्टमधून तेल आत जायचं, पण स्पीड वाढला की शाफ्टच्या सुरुवातीच्या भोकांतूनच सगळं बाहेर फेकलं जायचं. रोटरचं शेवटचं टोक कोरडं! तिथलीच चुंबकं दरवेळी तापायची. मॅडमनी तीन आठवडे कॉम्प्युटरवर आकडेमोड केली. डोळे लाल, जेवणाचा डबा जसाच्या तसा परत.

रज्जाकभाईंची मोसंबीची बाग आहे. त्यांनी एकदा ते चित्र पाहिलं. "मॅडम, माझ्या ड्रीपला सेम बिमारी होती. पुढची झाडं पाण्यानं तुंब, शेवटची ओळ वाळून चालली. मी पुढची भोकं बारीक केली आणि मागची मोठी. करून बघायचं का?"

केलं. त्यांनी लेथवर पुढून मागं वाढत जाणारी भोकं पाडली आणि शेवटच्या टोकाचा आकडा पहिल्यांदाच खाली आला! मी सेन्सर तीनदा तपासला, आत होता.

महिन्याभरानं पुण्याहून एक तज्ज्ञ आले. कौतुकानं म्हणाले, "भोकांची ही मापं अगदी योग्य आहेत. सिम्युलेशन कशात केलंत?"

मॅडम काही बोलायच्या आत रज्जाकभाई म्हणाले, "मोसंबीत!"

तज्ज्ञांनी वहीत लिहून घेतलं. परत जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "हे मोसंबी सॉफ्टवेअर नवीन आलंय का?"

*

आणि शेवटची परीक्षा. मोटर पास झाली हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. आम्हाला मात्र तेव्हा माहीत नव्हतं. इलेक्ट्रिक ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आल्ते. ही मोटर त्यांना पटली नाही तर आमचा विभाग बंद, असं वरून स्पष्ट सांगितलेलं.

साहेब म्हणजे दगड. चहा नको, पाणी नको. खुर्ची दिली तर तिच्यावर बॅग ठेवली. तीन तास मोटर पूर्ण लोडवर चालली आणि ते तीन तास उभेच. आकडा हवा तिथंच राहिला. आम्ही एकमेकांकडं बघून हळूच श्वास सोडला.

साहेब म्हणाले, "खोला."

"साहेब?" मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"रोटर बाहेर काढा. टोकाची प्लेट खोला. तेल शेवटपर्यंत पोचलंय का, मला डोळ्यानं बघायचंय."

मोटर गार करून रोटर काढण्यात दुपार गेली. रोटरच्या टोकाला एक गोल प्लेट असते, आठ बोल्टची. रज्जाकभाई म्हणाले, "साहेब, तेल पोचलंय. मी सांगतो ना." त्यांचा आवाज जरा वेगळाच वाटला. पण साहेब ऐकायला तयार नव्हते. मी बोल्ट काढले आणि प्लेट त्यांच्या हातात दिली.

रोटर आतून तेलानं चकाकत होता. शेवटच्या भोकापर्यंत! पण साहेबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते प्लेटची आतली बाजू उजेडाकडं धरून बघत होते. खिशातून रुमाल काढून त्यांनी तेल पुसलं. मॅडम वाकल्या, मीही वाकलो. प्लेटवर बारीक, सुबक अक्षरांत कोरलं होतं:

'खोललं तुम्ही. आता बंद कोण करणार?'

मॅडमनी रज्जाकभाईंकडं पाहिलं. रज्जाकभाईंनी छताच्या पत्र्याकडं पाहिलं.

साहेबांनी ते पुन्हा एकदा वाचलं. चष्मा काढून खिशात ठेवला. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग बाह्या दुमडत म्हणाले, "पाना द्या."

प्लेट जागेवर बसवून ते पहिला बोल्ट आवळायला लागले. मग शेजारचा. तिसऱ्याला हात घातला तसे रज्जाकभाई पुढं झाले आणि फार अदबीनं म्हणाले,

"साहेब, असं गोल-गोल नका जाऊ, प्लेट तिरपी बसती. एक हा, मंग त्याच्या समोरचा."