ग्रीस बाहेर दिसलं पाहिजे

उंब्रजला हायवेच्या कडेला चांदसाहेबाचं गॅरेज आहे. हात सोन्याचा, पण डोकं कायम तापलेलं. एका ड्रायव्हरनं नुसतं "चालतंय की" म्हटलं, तर त्याच्या पाठीत पान्हा घातला होता या बाबानं. तरी शिव्या खाऊन लोक त्याच्याकडंच यायचे. बायको गेल्यावर एकट्यानं वाढवलेली लेक झोया तेवढी त्याला उलट बोलायची, आणि तिचं तो निमूट ऐकायचा.

त्या दिवशी झोया, तिची तान्ही अर्फा आणि जावई तौसीफ जीपनं इस्लामपूरला लग्नाला निघाले होते. वाटेत चांदसाहेबाच्या गॅरेजवर चहाला थांबले. पण याचं लक्ष चहात कुठलं? हा सरळ पुढच्या चाकाखाली वाकला. चाक धरून ठेवणाऱ्या सांध्यावरचं, बॉल जॉइंटवरचं रबराचं टोपण फाटलेलं, भोवती ग्रीस आणि धुळीचा चिखल. जॅकवर चाक उचलून त्यानं पहारीनं दाबलं, तर चाक लटलट हललं.

"ग्रीस कुणी भरलं हे?"

"मीच," तौसीफ म्हणाला. "बाहेर येईस्तवर भरलंय."

"मुडद्या, रबर फुटलं त्यानं. आत माती गेलीया. ह्यो सांधा रस्त्यात निसटला तर चाक आडवं पडंल. माझी लेक बसनार हाय हितं."

"तुमीच शिकवलं हुतं, मामू. ताजं ग्रीस बाहेर दिसलं पायजे म्हनून."

शिकवलं होतं, खरंच. पण ते जुन्या ट्रकसाठी. तिथं ताज्या ग्रीसनं आतला मळ बाहेर ढकलावा लागतो. जीपचं वेगळं असतं, रबर जरा फुगलं की थांबायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं. आता ते गिऱ्हाइकांसमोर उघडं पडलं आणि म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गाडी हलायची न्हाई."

"उशीर झालाय. परत आल्यावर बगू," म्हणत तौसीफनं जॅकला हात घातला.

चांदसाहेबानं पहार फिरवली. पहिला घाव मनगटावर, दुसरा जबड्यावर. तौसीफ आडवा झाला, तोंडातनं रक्त आणि दात पडले, तरी हा थांबेना. बरगडीत लाथा घालत सुटला. खाटेवर अर्फा किंचाळत होती. झोया मधे पडली तर तिलाही ढकललं. ती बंपरवर आदळली, कपाळ फुटलं. मग यानं घण उचलून सांधा ठोकला. दोन घावांत गोळा वाटीतनं निखळून खाली पडला.

"बग," धापा टाकत तो लेकीला म्हणाला. "बग, काय झालं असतं."

झोयानं तिकडं बघितलंही नाही. ती ओढणीनं नवऱ्याचं तोंड पुसत होती.

"तुमचं खरं हाय, अब्बा. त्या गाडीत मी मेले असते. पन आता तुमच्या दारात मी जिती येनार न्हाई."

गावातल्या रविराजनं रिक्षातनं त्यांना कराडच्या दवाखान्यात नेलं. पुढं जीप न्यायलाही तोच आला. चांदसाहेबानं नवा सांधा बसवून, बेतानं ग्रीस भरून गाडी पुसून ठेवली होती.

"अर्फा कशी हाय रं?" त्यानं विचारलं.

रविराजनं खाली बघतच किल्ली घेतली. "झोयानं काय बी सांगू नगंस म्हनलंय, चाचा."