अनसूयेचा खोकला

"पल्मनरी ट्यूबरक्युलॉसिस. म्हणजे फुफ्फुसाचा क्षय," मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं. अनसूया समोरच्या बाकावर बसली होती. माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे, "मग आमच्या बाळाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाळाचं बघूच. आजारी ही आहे."

साठ साल असेल. मी शाळेत शिक्षिका, यजमान कचेरीत. माझी मुलगी सुधा चार महिन्यांची असताना तिला सांभाळायला तोंडवलीची अनसूया आमच्याकडे राहिली. विधवा होती. स्वतःची सहा वर्षांची मुलगी तिने गावी आईजवळ ठेवली होती.

बोली फक्त सुधाला सांभाळण्याची. पण माझे सासरे, मामंजी, खोकत अंथरुणाला खिळले. त्यांचं थुंकीचं तस्त धुणं, पाठ शेकणं हळूहळू अनसूयेकडे गेलं. मी सांगितलं नाही आणि थांबवलंही नाही. त्यांना दमा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. सुट्टीचा दिवस तर कधी ठरलाच नव्हता.

श्रावणात तिला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापे. एकदा म्हणाली, "बाईनू, माका चार दिस घराक जावक होया. आंगात बरा नाय."

"सहामाही परीक्षा होऊ दे गो," मी म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. दसऱ्याच्या सुमारास तिच्या थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा कुठे मी तिला दवाखान्यात नेलं.

तिची स्प्युटम टेस्ट झाली, म्हणजे थुंकीतले जंतू तपासले. सुधाची मांतू टेस्ट झाली. यात हाताच्या कातडीत औषध टोचतात आणि तीन दिवसांनी तिथे गाठ उठते का ते बघतात. ते तीन दिवस मी सुधाचा हात सारखा उलटसुलट करून पाहत होते. अनसूयेला मागच्या पडवीत ठेवलं, तिची कपबशी वेगळी केली. सुधा रांगत पडवीच्या दाराशी गेली की ती पदर तोंडाला लावून म्हणे, "थंयच ऱव गो बाय, हंय येव नको."

सुधाला गाठ उठली नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोण खोकतं?"

मामंजींची थुंकी तपासली. क्षय त्यांना होता, बराच जुना. अनसूयेला तो आमच्याच घरात लागला होता.

"मूल कसं वाचलं?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. अनसूयेने खाली बघत उत्तर दिलं, "म्हाताऱ्याच्या खोलयेत चेडवाक मी कधी न्हेलाच नाय."

मला वर बघवेना.

अनसूयेला आणि मामंजींना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं रोज तीन महिने, पुढे वर्षभराहून जास्त गोळ्या. औषधाचा खर्च आमचा आणि पगार चालू राहील, असं मी अनसूयेला सांगितलं. आभाराची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू? ती म्हणाली, "धर्म म्हणान देव नकात. तुमच्या कामान माका दुखणा इला."

इंजेक्शनं संपल्यावर ती तोंडवलीला गेली आणि हळूहळू बरी झाली. डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिल्यावर मी तोंडवलीला गेले. तिच्या अंगणात बसून विचारलं, "येशील का परत?"

ती म्हणाली, "शेनवारी दुपारी घराक येतलंय, सोमवारी परतान. आजाऱ्याचा काम करूचंय नाय. माका बरा नसला तर त्याच दिसाक डॉक्टराकडे जातलंय."

"चालेल," मी म्हटलं.

तुमच्या घरी मूल सांभाळणारी बाई असेल, तर तिचं काम कुठे संपतं हे पहिल्याच दिवशी ठरवा. तिला खोकला आला तर आठवडा काढू नका.

सुधा शाळेत जाऊ लागली तरी अनसूया आमच्याकडे होती. शनिवारी ती निघाली की सगळं काम माझ्या अंगावर पडे आणि माझी चिडचिड होई. मी बोलत नसे. ते दोन दिवस तिच्या मुलीचे होते, आधीपासूनच. एवढं कळायला मला तिचं फुफ्फुस खर्ची घालावं लागलं.