हरतालिकेचा दुधी

विजयमालेसारखी भित्री बाई अख्ख्या मांजरी गावात सापडली नसती. पाल दिसली की किंचाळायची, रस्ता ओलांडताना अनोळखी बाईचा पदर धरायची. पण घरात कमावणारे हात कमी पडायला लागले तेव्हा हीच बाई पहाटेच्या बसनं रसाच्या किटल्या घेऊन पुण्यात यायला लागली. नदीकाठच्या बागेच्या फाटकाशी तिची बैठक. कारलं, आवळा, दुधी. फिरायला येणारी मंडळी नाक दाबून पेला रिकामा करायची आणि आता शंभरी नक्की, अशा थाटात घरी जायची.

दुधी किसायच्या आधी देठाकडची चकती चाखायची, हा सासूचा, तुळजाबाईंचा, दंडक. कडू दुधी विषारी. तो निघाला तर सरळ फेकायचा, गुरांनासुद्धा घालायचा नाही.

त्या दिवशी हरतालिका होती. नवऱ्याच्या आयुष्यासाठी निर्जळी उपवास. जिथं पाण्याचा थेंब चालत नाही, तिथं दुधीची चकती कशी चालेल? विजयमालेनं चकती ओठांपर्यंत नेली आणि देवाला घाबरून खाली ठेवली. आजवर एक कडू निघाला नव्हता, आजच कसला निघतोय!

पहिलं गिऱ्हाईक नेहमीचं, शनिवार पेठेतले आगाशेकाका. गणिताचे निवृत्त मास्तर. एका घोटात त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अहो बाई, आज दुधीनं कारल्याशी सोयरीक केली की काय?"

"औषध हाय काका, कडूच असायचं," ती सवयीनं बोलून गेली.

आता पैसे मोजून घेतलेली वस्तू काका टाकतील होय? पेला संपवला, वर काकूंसाठी रोजची बाटलीही नेली.

पाठोपाठ एक बाई आली. तिनं घोट घेतला आणि भस्सकन थुंकला. "शी! विष देताय का आम्हाला?"

विजयमाला किटलीत डोकावली. खरं काय ते कळायला जीभ लावायला हवी होती. जीभ लावली की उपवास मोडला, आणि मग संभाजीच्या, तिच्या नवऱ्याच्या, जिवाला काही झालं तर? तिनं डोळे मिटून बोट बुडवलं आणि चाटलं. अगं आई गं! ते कारल्याचं कडू नव्हतंच. ती थुंकत सुटली. मग किटली गटारात उपडी केली, सामान तिथंच टाकलं आणि धावत निघाली.

काकांचा गुडघा धरला होता तेव्हा ती त्यांच्या घरी बाटल्या पोचवत होती, त्यामुळे घर ठाऊक होतं. पुलावर मात्र पाय अडखळले. पोलीस येतील. लोक मारतील. परत फिरावं, मांजरीची बस धरावी, कोण ओळखतंय आपल्याला? असं वाटलं तिला, खोटं कशाला सांगू! पण डोळ्यांपुढून काकांचं ते वाकडं तोंड हलेना. देवा, माणूस जगू दे, म्हणत ती पूल उतरली.

दार उघडंच होतं. काका कॉटवर, चेहरा पांढराफटक, खाली बादलीत लालसर उलटी. हेमाकाकूंनी एका हातानं त्यांचं डोकं धरलं होतं, दुसऱ्या हातातला पेला त्यांच्या ओठांशी नेला होता.

"घ्या हो थोडा. दुधी थंड असतो, पोट शांत होईल."

"काकू, नका! इख हाय त्यात!" विजयमालेनं फटका मारून पेला उडवला.

"शुद्धीवर आहात का तुम्ही?"

"माझाच रस हाय. दुधी कडू निघाला, मी चाखला न्हाई. आधी दवाखान्यात चला, काकू, पाया पडते!"

रिक्षातून नेईपर्यंत काकांनी मान टाकलेली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, सलाईन लावलं, सोबत आणलेल्या बाटलीतला रस निरखला. "दुसरा पेला पोटात गेला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो," म्हणाले. अजूनही काही सांगता येत नाही, हेही म्हणाले.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. विजयमालेनं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. आत काका जाणार आणि घरी संभाजी जाणार, दोन्ही पापं आपल्याच माथी, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. काकू तिच्याकडे बघतही नव्हत्या.

दुपारी नर्स बाहेर आली. रक्तदाब वर आलाय, आजोबा बोलताहेत, म्हणाली. विजयमालेला हुंदका आवरेना.

"चाखला का नाहीत?" काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हरतालिका, काकू. निर्जळी हाय."

"माझीही आहे." काकूंचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं, उभ्याउभ्या अर्धं पिऊन टाकलं आणि उरलेलं तिच्यापुढे धरलं.

"माझा सकाळीच मोडला, काकू. रस जिभेला लावला तवा."

"थोडा आधी मोडायचा होतात," काकू म्हणाल्या आणि पेला तिच्या हातात दिला.