तात्यांची तहानलेली जीप

माणूस गॅरेजात गाडी टाकतो, वाट बघत स्टुलावर बसतो आणि बसला की बोलायला लागतो. गाडी संध्याकाळी निघून जाते, बोललेलं मात्र इथेच राहतं. त्यात मी रत्नागिरीत रेडिएटरची कामं करणारा, म्हणजे माझ्याकडे येणारा माणूस आधीच तापलेला असतो. गाडीपेक्षा जास्त! असे किस्से माझ्याकडे ढिगाने पडलेत, पण त्यातले निम्मे एकट्या तात्यांच्या जीपचे.

तात्या पालीकडचे, आंबा बागायतदार. जीप त्यांनी तरुणपणी घेतलेली आणि रेडिएटर तेव्हाचाच, पितळी. काकी, म्हणजे त्यांची बायको, जीपचं नाव काढलं की एकच सांगायची, "ही बया आधी घराबाहेर काढा." तात्यांचा जीव त्या जीपमध्ये. आणि जीपचा जीव माझ्या हातात, हे मी जरा फुशारकीनेच सांगतो.

*

तात्या रत्नागिरीला यायला निघाले की जीपला वाटेत पाणी पाजावं लागायचं. हातखंब्याजवळच्या एका घरातली वहिनी तर हॉर्न ऐकला की कळशी भरूनच बाहेर यायची.

एकदा भर वैशाखात तात्यांनाच घेरी आली. कशीबशी जीप थांबवली आणि त्या वहिनीच्या पायरीवर बसले. वहिनी नेहमीसारखी कळशी घेऊन आली ती तात्यांच्या अंगावरून थेट बॉनेटकडे निघाली.

तात्या मागून क्षीण आवाजात म्हणाले, "वहिनी, आज ते मला द्या."

*

रेडिएटर उतरवला की मी त्याची तोंडं बंद करून आत हवा भरतो आणि हौदात बुडवतो. बुडबुडे येतील तिथे भोक. सरळ काम आहे, मग तिथे कथलाचा डाख मारायचा.

तात्यांचा रेडिएटर बुडवला आणि हौदाला जणू उकळी फुटली. तात्या शेजारी वाकून बघत होते. कुठून गळतंय म्हणून विचारायला लागले.

म्हटलं, "तात्या, कुठून गळत नाही ते विचारा, लवकर सांगून होईल."

*

त्यांचा मुलगा महेश मुंबईला नोकरीला. त्याने ऑनलाइन नवाकोरा ॲल्युमिनियमचा रेडिएटर मागवून थेट घरी पाठवला. तात्या दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, मी फितूर आहे असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांच्याच अंगणात बसवायला घेतला तर मापातच बसेना. तात्यांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका.

परत पाठवायचा म्हणून मी त्यांच्या घरी आणायला गेलो, तर काकीने तो अंगणात आडवा टाकून त्यावर सांडगी मिरच्या वाळत घातलेल्या. हात लावू देईना. म्हणाली, "खालून वारा काय मस्त लागतो! ह्या जीपच्या नावाने घरात आलेली ही पहिली कामाची वस्तू."

*

रेडिएटर गळायला लागला की त्यात अंडं फोडून घालायचं, असं तात्यांना कोणीतरी शिकवलं. शिजलं की भोकात जाऊन बसतं म्हणे. बसतं, पण वास मारतं.

तात्यांनी हा प्रयोग केला तो नेमका श्रावणी सोमवारी. जीप अंगणात शिरली, बॉनेटमधून उकडलेल्या अंड्याचा वास घरभर. काकीचा उपास. तिने तात्यांना दारातच अडवलं आणि तोंड उघडायला लावलं. शेवटी मला साक्षीला फोन.

मागून तात्यांचा आवाज ऐकू येत होता, "अगो शपथ सांगतो, मी नाही खाल्लं, जीपने खाल्लं!"

*

मग महेशचं लग्न ठरलं. मुलगी अलोऱ्याची. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे न्यायची असते, ती पोचेपर्यंत तिकडे नवरी पाटावर खोळंबलेली. तात्या म्हणाले, हळद माझ्या जीपनेच जाणार. काकी म्हणाली, जाऊ दे, पण वाटेत बंद पडली तर परत आल्यावर जीप घरात राहायची नाही. तात्यांनी कबूल केलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी आदल्या दिवशी रेडिएटर आतून धुऊन लख्ख केला, सगळे डाख नव्याने मारले आणि गॅरंटी म्हणून स्वतः मागच्या सीटवर बसलो. पुढे काकी, मांडीवर कालवलेल्या हळदीचा डबा.

पहाटे निवळीच्या घाटात पुढच्या डंपरच्या चाकाखालचा दगड उडाला तो थेट आमच्या जाळीत. वाफेचा हा लोट. माझा डाख सुटला नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. एक नळी चिरली होती. जीप गार झाल्यावर मी ती पक्कडीने चिमटली, तरी थेंब थेंब चालूच. पाण्याचे कॅन होते, पण भरलेलं टिकणार कसं? म्हटलं, हळदीने बारीक भोक बुजतं, पण आसपास ना घर ना दुकान.

तात्या बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे होते. इतकी वर्षं ओळखतो त्यांना, डोळ्यांत पाणी पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "विकून टाकू." मला फार वाईट वाटलं.

काकी खाली उतरली. डबा उघडला. मी काही बोलायच्या आत सगळी हळद रेडिएटरमध्ये. वर पाणी घालून डबा विसळला, तेही आत.

"विकायचं मागाहून बघू," ती म्हणाली. "तिकडे पोर पाटावर बसलीय. चला."

गळती थांबली. जीप गुरगुरत अलोऱ्याला मांडवासमोर उभी राहिली. पाहुण्यांनी आम्हाला गूळपाणी दिलं, ख्यालीखुशाली झाली, आणि मग मुलीच्या आत्याने हळद मागितली. तात्या खाली बघायला लागले.

काकी शांतपणे जीपकडे गेली, रेडिएटरच्या खालचा नळ मला उघडायला लावला आणि डबा धरला. पिवळंधमक पाणी आलं, अजून कोमट होतं.

आत्याने डब्यात डोकावून विचारलं, "ही उष्टीच ना?"

"दोनदा उष्टी," काकी म्हणाली. "आधी महेशने लावली, मग जीपने खाल्ली."

मांडवभर हशा पिकला. नवरीने स्वतःच गाल पुढे केला.

निघताना तात्या काकीच्या शेजारी गेले आणि हळूच विचारलं, "मग... कधी विकायची?"

"काहीतरीच काय!" काकी म्हणाली. "हळद लागल्यावर कोणी घराबाहेर काढतं का?"