आजीला 'धारातीर्थी' नको होतं

मित्रांनो, आत्ताच नंदनवन भागातल्या हॉलवरून आलो. डोकं अजून ठिकाणावर नाही.

एकाहत्तरच्या युद्धात समुद्रातून किनाऱ्यावर चढाई करताना गेलेल्या जवानांच्या घरच्यांनी आज दरवर्षीचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला होता. खरं सांगतो, मी वर्गातल्या पल्लवीसाठी गेलो. मी कॉलेज सोडल्यापासून ती नीट बोलत नाही, पण आज तिच्या आजीला गावाहून, कुहीहून आणायला गाडी हवी होती. तिचा फोन आला आणि मी उडतच गेलो.

सूत्रसंचालक जोरात म्हणाला, "आपले जवान शत्रूशी लढता लढता धारातीर्थी पडले!" टाळ्या पडल्या.

आजी उभी राहिली. "माहा माणूस बुडाला. बोटीतून उतरला अन् पाठीवरच्या वझ्यानं खाली गेला. बंदूक चालवाले भेटलीच नाही त्याले. खोटं काहून सांगून राहिला गा?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, असं चारचौघांत सांगू नये." मी बाह्या सरसावून उठलो, तर आजीनं मलाच झापलं, "तू बस गा! भांडण माहं आहे."

मग माईकवाल्याला शांतपणे म्हणाली, "बुडाला म्हणून कमी मेला का?"

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "माहाही बुडाला वं."

दोघी वर्षानुवर्षं या कार्यक्रमाला येतात. टाळ्यांच्या गडबडीत हे एकमेकींना सांगायचं राहूनच गेलं होतं. तुमच्याही घरात कोणाचं मरण असं सजवून सांगतात का?