तळव्याची दवंडी

मोहेंगचं खरं नाव हेर्मोहेनेस. पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं ते नाव नंतर कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. सांता इनेस गावात तो मोहेंग, आणि तरण्या पोरांना तातांग, म्हणजे बाबा, मोहेंग. उंचीने बेताचा, पायाने जरा फेंगडा, पण आवाज असा की चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून बोलला तर खाली ओहोळावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायच्या. दवंडी पिटायचं काम त्याला बापाकडून आलं होतं. बापाचा ढोलही सोबत आला, फणसाच्या खोडाचा, रेड्याच्या कातड्याने मढवलेला.

हा ढोल तो दोन तऱ्हांनी वाजवायचा. सरकारी हुकूम असला की काठीने. कर भरा, डुकरं बांधून ठेवा, लस टोचून घ्या, सगळं काठीने. पण गावाचं आपलं काही असलं की काठी कमरेला खोचायची आणि उघड्या तळव्याने थाप द्यायची. कुणाची म्हैस हरवली, कुणाकडे लग्न आहे, कुणाचा बाप गेला. काठीचा आवाज आला की लोक गुपचूप दार ओढून घ्यायचे. तळव्याचा आला की बायका चुलीतलं लाकूड मागे ओढून बाहेर यायच्या, आणि पुरुष धुतलेला सदरा चढवून, केसांना खोबरेल चोपडून निघायचे. तळव्याच्या हाकेला मळक्या कपड्यात जाणं म्हणजे बोलावणाऱ्याचा अपमान. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आमच्याकडे ते होतंच.

आणि मोहेंग नुसती दवंडी देईल तर शपथ. कुलासची म्हैस हरवली तेव्हा त्याने चौकाचौकात सांगितलं होतं, "रंग काळा, शिंगं वाकडी, आणि मालकासारखीच हट्टी! दिसली तर मालकाचं नाव घेऊन बोलवू नका, दोघंही येतील!" कुलास आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. म्हैस मात्र त्याच दिवशी सापडली.

दुसऱ्या महायुद्धाच्या पाच-सहा वर्षं आधी हिराता नावाचा एक जपानी गावात आला आणि त्याने चौकात बर्फाचं दुकान टाकलं. किसलेला बर्फ, वर उकडलेले गोड मूग आणि दूध. दुकान उघडायच्या दिवशी मोहेंगने त्याच्यासाठी ढोल वाजवला, तोही तळव्याने. घरी इपांगने, त्याच्या बायकोने, फैलावर घेतलं. "परक्यासाठी हात? उद्या मांजरीच्या बाळंतपणालाही वाजवाल!"

"अगं, गावच्या पोरांना बर्फ चारणारा माणूस परका कसला?" मोहेंग म्हणाला.

हिराताने त्याला आठवडाभर बर्फ फुकट दिला. मूगही जास्त घालायचा. माणूस वाईट नव्हता असं तेव्हा सगळेच म्हणायचे, बर्फासाठी ताटकळणारं पोर मी, मीही म्हणायचो.

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी हिराता दुकानाला कुलूप लावून गेला, आणि जपान्यांनी मुलूख घेतल्यावर परतला तो लष्करी गणवेशात, जपानी अधिकाऱ्याचा दुभाषी होऊन. पुढची तीन वर्षं गावात फक्त काठी वाजली. भात आणून द्या. पहारेकऱ्यासमोर कमरेतून वाका. मोहेंग एकदा ढोलाच्या ओझ्याने पुरेसा वाकला नाही, तर पहारेकऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने त्याचे दोन दात पाडले. तेव्हापासून त्याच्या दवंडीत शिट्टीसारखा आवाज मिसळायचा. लोक त्यावरही हसायचे, पण दारामागे.

मग अमेरिकन किनाऱ्यावर उतरल्याची बातमी आली आणि जपानी पिसाळले. डोंगरापलीकडची दोन गावं त्यांनी जाळली. पळून आलेल्या बायका जे सांगायच्या ते ऐकवत नव्हतं. आमच्याकडची तरणी माणसं ओहोळाच्या वरच्या अंगाला घळीत जाऊन लपली. मोहेंगचा जावई दामासो त्यातलाच. सुतारकाम करायचा, तोंडाचा फटकळ, सासऱ्याची थट्टा करणारा गावातला एकटाच जावई. मोहेंगची एकुलती एक लेक सिद्रा आठ महिन्यांची पोटुशी होती. एकोणीस दिवस ती रोज उकडलेली रताळी पदरात बांधून ती उभी उतरण उतरायची आणि चढायची. एक दिवस कुणीतरी शिपाई तिच्या मागे जाईल आणि नवरा, बायको आणि पोटातलं पोर एका झटक्यात संपतील, ही भीती मोहेंगला रात्रंदिवस होती. दामासोला उजळ माथ्याने घरी कसं आणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी त्याला चर्चमध्ये बोलावलं. अधिकारी पाद्र्याच्या खुर्चीत बसला होता. समोर टेबलावर लाल शिक्का मारलेल्या पासांचा गठ्ठा. हिराता सांगत गेला. गावातल्या प्रत्येक पुरुषाने येऊन नाव सांगायचं आणि पास घ्यायचा. पास असेल त्याला कुणी हात लावणार नाही. नसेल तो जंगलातल्या बंडखोरांचा माणूस.

मोहेंगने गावभर काठी वाजवली. आले सहा म्हातारे, त्यातला एक ठार बहिरा. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोनच शब्द बोलला. हिराता मोहेंगला दंडाला धरून बाहेर आंब्याखाली घेऊन आला.

"सहा म्हातारे, मोहेंग? ह्यांचं मी लोणचं घालू?"

"लोक भ्यालेत."

"काठीला भ्यालेत. काठी टाक. माझ्या दुकानासाठी वाजवला होतास, तसा वाजव."

तळव्याची रीत गावापुरती होती. अधिकाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. हे ठाऊक असायला गावात बर्फ विकलेला असावा लागतो.

"ते आपल्या माणसांसाठी असतं," मोहेंग म्हणाला.

"मग आपल्या माणसासाठीच वाजव. तुझा जावई घळीत बसलाय. तुझी पोर रोज रताळी घेऊन उतरते. मला ठाऊक आहे, म्हणजे उद्या यांनाही होईल. त्याचं नाव मी सगळ्यांच्या आधी घालतो."

"आईची शपथ घे."

"आईची," हिराता म्हणाला, आणि बुटाला लागलेला चिखल दुसऱ्या बुटाने खरवडत राहिला. मग खिशातून एक पास काढून, मोहेंगचं नाव लिहून त्याच्या हातात ठेवला. शिक्का अजून ओलसर होता. मोहेंगच्या अंगठ्याला लाल रंग लागला.

मोहेंगने काठी कमरेला खोचली.

तीन वर्षांनी तो आवाज गावात फिरला. "सांता इनेसकर हो, मी मोहेंग! पास माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, माझ्या हातात आहे! या, नाव सांगा, पास घ्या, घरी जा! माझा जावईही येतोय!" घळीच्या काठावर उभं राहून तर त्याने तीनदा वाजवलं. तळवा लाल झाला तरी थांबला नाही.

आणि लोक आले. घळीतून वर चढले, माळ्यांवरून उतरले, घरी जाऊन दाढ्या केल्या. चौक पांढऱ्या सदऱ्यांनी भरला, खोबरेलाचा वास सुटला. कुलासने रांगेतून विचारलं, "तातांग, आज कुणाची म्हैस हरवली?"

"म्हैस नाही, तुझी अक्कल! पण ती शोधायला एवढी माणसं पुरायची नाहीत!"

सगळे हसले. चौकात माणसं हसलेली किती दिवसांनी ऐकली.

दामासो उशिरा आला. लग्नातला सदरा घातला होता, अंगावर तो आता लोंबत होता. "तातांग, पास मिळाला की आधी आंघोळ," तो म्हणाला. "तुमची लेक म्हणते, जपानी मला वासावरून शोधतील."

मोहेंगने त्याचं मनगट धरलं आणि त्याला रांगेच्या पुढे नेलं. "याला आधी घ्या बाबांनो. घरी बायको दिवस मोजतेय."

"जावयाची वर्णी आधी होय!" कुणीतरी कुरकुरलं, पण वाट दिली. दामासोने दारातून वळून सासऱ्याला डोळा मारला आणि आत गेला.

एका वेळी दहा जण आत सोडत होते. हिराताने मोहेंगला पायरीवर उभं केलं आणि वाजवत राहायला सांगितलं, मागे राहिलेलेही येतील म्हणाला. मोहेंग वाजवत राहिला. चौथी तुकडी आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुढच्या दाराने कुणीच बाहेर येत नाही.

"माणसं कुठून बाहेर पडतात?" त्याने विचारलं.

"मागच्या दाराने. घरी."

"मागच्या दाराखाली तर ओहोळ आहे."

"वाजव, मोहेंग."

मोहेंगचा हात थांबला. ढोल बंद पडला, आणि खालून, चर्चच्या पाठीमागून, कुणीतरी आईला हाक मारल्याचं ऐकू आलं. "इनांग!" एकदाच. दुसरी हाक अर्ध्यात तुटली. मग जड काही पाण्यात पडावं तसा आवाज, आणि जपानीत कुणाचंतरी खेकसणं. गोळ्या ते वाया घालवत नव्हते. हात मागे बांधून, संगिनीने भोसकून, एकावर एक खाली ढकलत होते.

पहारेकऱ्याने मोहेंगच्या मानेला संगीन लावली. रांगेत अजून शंभरावर माणसं होती. पुढच्या काहींनी हाक ऐकली होती. त्यांचे चेहरे मोहेंगकडे वळले, कारण बोलावलं त्याने होतं.

त्याने पुन्हा वाजवायला सुरुवात केली.

मोहेंगची बाजू घेणारे अजूनही गावात आहेत. ते म्हणतात, चौकाला आधीच शिपायांनी वेढा घातला होता, ओरडून काय झालं असतं? काही झालं नसतं, एवढं मलाही कळतं. तरी त्याने ओरडायला हवं होतं. तो आवाज देवाने त्याला आणखी कशासाठी दिला होता?

दुपार कलेपर्यंत चौक रिकामा झाला. त्या सहा म्हाताऱ्यांनाही सोडलं नाही. मोहेंग पायरीवर बसून होता, ढोलावर तळव्याचं रक्त लागलं होतं. शिपाई त्याच्याकडे वळला तेव्हा हिराता मध्ये आला आणि मोहेंगच्या खिशातला पास काढून दाखवला. शिपायाने शिक्का पाहिला आणि बाजूला झाला. सबंध दिवसात तेवढा एकच पास लिहिला गेला होता. जाताना त्यांनी चर्च पेटवलं.

पाच आठवड्यांनी अमेरिकन आले. ओहोळातली प्रेतं काढून ओळख पटवायची, तर बायकांना बोलवायला हवं होतं. शेजारच्या गावच्या पाद्र्याने मोहेंगला सांगितलं. गावाचीच माणसं, गावाचंच काम, म्हणून मोहेंगने तळव्याने थाप दिली.

पहिल्या घराचं दार बंद झालं. मग दुसऱ्याचं. आडणे घातल्याचे आवाज ढोलाच्या पुढे पुढे पळत गेले. एका घरातून पोराचं रडणं आलं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. मोहेंग आपल्या घरासमोर आला तेव्हा इपांग खिडकीतून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काठी घ्या."

त्याने काठी घेतली. तेव्हा बायका बाहेर आल्या.

चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. दीडशेच्या वर माणसं, आणि सगळे पांढरेच सदरे. बायका खाली बसून गुंड्या बघत होत्या, ठिगळं बघत होत्या, आपल्या हातचा टाका शोधत होत्या. कुलासच्या बायकोने दोन सदरे हातात घेतले होते आणि तिला ठरवता येत नव्हतं.

सिद्रा दहा दिवसांची बाळंतीण, बाळाला खांद्याशी धरून आली. तिला फार शोधावं लागलं नाही. लग्नाच्या वेळी कॉलर मोठी झाली म्हणून तिने ती आतून दुमडून शिवली होती. ती दुमड तिने बोटाने चाचपली आणि उठून उभी राहिली. मोहेंग जवळ आला.

"ते येणार नव्हते, तातांग," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "काठी वाजली तेव्हा म्हणाले, मी नाही जात. मग तुमचा हात वाजला. सदरा घेऊन मीच घळीत उतरले. म्हटलं, उठा, तातांगचा हात आहे."

 बाळ कुरकुरलं, तसा मोहेंगने त्याला घ्यायला हात पुढे केला. सिद्राने त्या तळव्याकडे पाहिलं आणि बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.