तेरवीच्या आधी पलंग मागायचा नाही

रामदासभाऊ गेले, हे त्यांच्या पुतण्यानं सकाळी फोनवर सांगितलं तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. "बाई, काका गेले," एवढंच तो बोलला. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "असं कसं? काल तर पेज प्यायले म्हणत होतास!" जशी काही पेज प्यायलेल्या माणसाला जायची मनाईच असते... महिना उलटला, तरी मी अजून त्यांच्यावर रागावलेलीच आहे.

शहापूरला आमची एक छोटी संस्था आहे. संस्था म्हणजे काय, तर हायवेलगतची पत्र्याची खोली, दहा-बारा कार्यकर्ते आणि आजारी माणसांना फुकट वापरायला द्यायचे वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या. हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर उचलणारा, दवाखान्यासारखा लोखंडी पलंग मात्र एकच. शाळेतून निवृत्त झाल्यावर नोंदवही मी धरली. पलंग पोचवणं आणि परत आणणं रामदासभाऊंकडे. ऐन धानाच्या रोवणीतसुद्धा हा माणूस बांधीतला, शेतातला चिखल पायाला तसाच घेऊन यायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाचं वाळलेलं तणस पसरायचा आणि पलंग अगदी हळू त्यावर ठेवायचा. मी म्हणायची, "भाऊ, लोखंड आहे ते, दुखणार नाही त्याला." तर म्हणायचे, "खडखड वाजत गेला तं घरचे घाबरतेत ना, बाई."

आमची एकदाच जुंपली. आसगावच्या एका म्हाताऱ्याकडे पलंग होता, तो वारला. इकडे दुसरा पेशंट खोळंबलेला, म्हणून मी सहाव्याच दिवशी आसगावला फोन लावला आणि पलंग मागितला. भाऊंना कळलं तेव्हा ते असे तापले, की खोलीतले दोन कार्यकर्ते गुपचूप बाहेर सटकले. "बाई, त्या पलंगावर अजून त्यायचा बाप झोपला हाय! तेरवी होऊ द्या, मंग मीच जाईन." दुसऱ्या दिवशी ते माझ्या फोनचं निस्तरायला आसगावला गेले, ओसरीत बसले, चहा प्यायले आणि रिकाम्या हातानं परत आले. खोळंबलेल्या पेशंटला तोवर स्वतःच्या घरची खाट नेऊन दिली, डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून. तेव्हापासून संस्थेत नियमच झाला, की तेरवीच्या आधी पलंग मागायचा नाही.

यंदा भाऊच अंथरुणाला खिळले. पाठ टेकली की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. पलंग तेव्हा संस्थेच्या खोलीत होता, पण आंबागडच्या एका पेशंटला कबूल केलेला. मी भाऊंना बघायला घरी गेले आणि पलंग धाडते म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "कोणाचा नंबर हाय?"

"कोणाचाच नाही," मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हटलं. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या, आणि ही मी! पण पुन्हा तीच वेळ आली, तर मी पुन्हा तेच बोलेन. त्यांनीही मान वळवून एकदा कॅलेंडरकडे पाहिलं. "आणा मंग," म्हणाले. नऊ दिवस ते त्या पलंगावर शांत झोपले. मग गेले.

आंबागडच्या पेशंटचा मुलगा रोज फोन करायचा. "बाई, पलंग मोकळा झाला का?" मी "दोन दिवसांत" म्हणत वेळ मारून न्यायची. भाऊ गेले आणि त्याचे फोन एकाएकी बंद झाले. त्याचा बाप पलंगावाचून तळमळत गेला असणार, आणि तोही माझ्यामुळे... आपणहून फोन करायची हिंमत होईना. भाऊंच्या तेरवीला जेवायला बसले, पण पलंग जिथं ठेवला होता, त्या आतल्या खोलीकडे मान वळवली नाही.

गेल्या आठवड्यात शेवटी मनाचा हिय्या केला आणि पलंग मागायला गेले. भाऊंच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, पाणी दिलं. मी अडखळत पलंगाचं नाव काढलं, तर त्या बघतच राहिल्या.

"बाई, पलंग कुठं हाय इथं? तो तं तिसऱ्याच दिवशी आंबागडले गेला. हेच सांगून गेले होते, माह्या तेरवीची वाट पाहू नोका म्हणून."

"पण आंबागडचं त्यांना कसं कळलं?"

"त्या पोराचा फोन पहिले ह्यायलेच आला होता ना! तुम्ही गेल्यावर किती हासले. म्हणे, बाईले खोटं बोलता येत नाही, तरी माह्यासाठी बोलल्या. मले बी नाही म्हणवलं नाही." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "आंबागडचा बुढा टेकून बसते म्हणे आता. त्यायले वाटलं, पलंग तुम्हीच धाडला."

मी उठले आणि आतल्या खोलीत गेले. वहिनींनी सगळं घर ताजं सारवलं होतं. फक्त खिडकीखाली पलंगाच्या पायांचे चार खळगे होते, आणि त्यांच्यामधली जागा तशीच कोरडी, पोपडे धरलेली.

"तेवढं सारवाले हात नाही होत, बाई," वहिनी मागून म्हणाल्या.

माझाही पाय तिथं पडेना. भाऊंनी एकदा, एकदाच मला "बाई, खोटारड्या हाय तुम्ही" म्हणावं, असं फार वाटलं. मग आम्ही दोघी त्या जागेच्या एकेका बाजूला खाली बसलो, आजाऱ्याजवळ बसतात तशा, आणि बराच वेळ उठलो नाही.